एकच विंडोज : टेबलावरच्या संगणकापासून टीव्हीखालच्या कन्सोलपर्यंत

१२ नोव्हेंबर २०१५ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या गेम कन्सोलसाठी एक मोठं अपडेट सोडलं. खेळणाऱ्यांना त्यातलं दिसलं ते एवढंच, की होम स्क्रीन बदलली, मेनूंची मांडणी बदलली आणि आधीच्या एक्सबॉक्स ३६० वरचे शंभराहून जास्त गेम या नव्या कन्सोलवर चालू लागले. खरा बदल पडद्यामागे होता. टीव्हीखाली ठेवलेल्या त्या काळ्या डब्यात आता विंडोज १० होती. साडेतीन महिन्यांपूर्वी, २९ जुलैला, जगभरच्या डेस्कटॉप आणि लॅपटॉपवर जी उतरू लागली होती, तीच विंडोज. बँकेच्या काउंटरवरचा संगणक आणि दिवाणखान्यातलं खेळायचं यंत्र, दोन्हींच्या तळाशी एकच ऑपरेटिंग सिस्टिम.

दोन्ही यंत्रं शेवटी संगणकच, मग हे आधीच का झालं नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर शोधत गेलं, की ऑपरेटिंग सिस्टिम नेमकं काय काम करते हे फार चांगलं समजतं. आणखीही एक गोष्ट लक्षात येते. या एकीकरणातला तंत्राचा भाग अवघड होता, तरी तो साधला. जे साधलं नाही, त्याच्या आड तंत्र आलं नाही, धंद्याचा हिशेब आला.

दोन यंत्रं, दोन स्वभाव

नव्वदच्या दशकात आपल्याकडे अनेक घरांत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम असे. कॅसेट खाचेत बसवायची, बटण दाबायचं, की गेम सुरू. त्यातली बरीचशी यंत्रं म्हणजे निंटेंडोने जपानमध्ये १९८३ साली आणलेल्या फॅमिली कॉम्प्युटरच्या नकला होत्या. त्यांच्यात ऑपरेटिंग सिस्टिम नावाची गोष्टच नव्हती. वीज मिळाली की प्रोसेसर थेट कॅसेटमधल्या चिपवरच्या सूचना वाचू लागे. सगळं यंत्र त्या एका गेमच्या मालकीचं, मध्ये कुणी नाही.

डेस्कटॉपचं तसं नसतं. तिथे ब्राउझर उघडा असतो, प्रिंटर चालू असतो, अँटिव्हायरस फायली तपासत असतो, आणि या सगळ्यांना एकच प्रोसेसर, एकच मेमरी वाटून घ्यायची असते. ही वाटणी करणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. कुणाला किती वेळ द्यायचा, कुणाच्या मेमरीत कुणी डोकवायचं नाही, ग्राफिक्स कार्डाशी कोणी आणि कसं बोलायचं, हे सगळं तो ठरवतो.

ही वाटणी गेमला का जाचते, ते आकड्यात पाहू. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल, तर एका चित्रासाठी मिळतात साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात खेळणाऱ्याने कोणतं बटण दाबलं ते वाचायचं, गाडी वळवायची, टक्कर झाली का ते तपासायचं, शत्रूची पुढची चाल ठरवायची, आवाज तयार करायचा आणि लक्षावधी ठिपक्यांचं चित्र रंगवायचं. याच वेळी दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने ५ मिलिसेकंद खाल्ले, तर चित्र वेळेत तयार होत नाही आणि गेम अडखळतो. पत्र टाइप करताना ५ मिलिसेकंदांचा उशीर कुणाच्या ध्यानातही येत नाही. कन्सोल घेणाऱ्याला मात्र ठरलेली ताकद ठरलेल्या वेळी मिळेल असा शब्दच दिलेला असतो.

दुसरा फरक हार्डवेअरचा. एका मॉडेलचे लाखो कन्सोल आतून सारखे असतात, त्यामुळे गेम लिहिणाऱ्याला यंत्र शेवटच्या किलोबाइटपर्यंत माहीत असतं. पीसीचं ग्राफिक्स कार्ड कुठलं, ड्रायव्हर किती जुना, मेमरी किती, कशाचाच भरवसा नाही. ज्यांनी सीडीवरून गेम टाकले आहेत त्यांना आठवत असेल, शेवटी ‘डायरेक्टएक्स इन्स्टॉल करा’ असा चौकोन यायचा. मायक्रोसॉफ्टने १९९५ साली आणलेलं डायरेक्टएक्स म्हणजे याच अडचणीवरचा तोडगा. कार्ड कोणत्याही कंपनीचं असो, गेमने ठराविक पद्धतीने हाक मारायची, आणि ती हाक शक्य तितक्या थेट वाटेने हार्डवेअरपर्यंत पोहोचवायची. पुढे डायरेक्टएक्सच्या गटातल्या मंडळींनी स्वतःचा कन्सोल काढायची कल्पना मांडली. ‘डायरेक्टएक्स बॉक्स’ या नावाचंच पुढे ‘एक्सबॉक्स’ झालं.

काटछाट केलेली विंडोज

विंडोज कन्सोलवर नेण्याचा पहिला प्रयत्न सेगाच्या ड्रीमकास्टवर झाला. १९९८ साली जपानमध्ये आलेल्या या कन्सोलवर, लहान उपकरणांसाठी केलेल्या विंडोज सीईचं चिन्ह छापलेलं होतं. ती विंडोज कन्सोलमध्ये कायमची बसवलेली नव्हती. ज्या गेमला ती हवी, त्याच्या डिस्कवरूनच ती मेमरीत चढायची. बहुतेक गेमकारांनी मात्र सेगाची स्वतःची, जास्त चपळ साधनं पसंत केली.

१५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत पहिला एक्सबॉक्स विक्रीला आला. आत ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी आणि हार्ड डिस्क, म्हणजे जवळजवळ पीसीच. कर्नल विंडोज २००० च्या कर्नलपासून घेतलेला, पण पार सोलून काढलेला. खिडक्या नाहीत, वापरकर्त्यांची खाती नाहीत, एका वेळी अनेक प्रोग्रॅम नाहीत. गेमला लागणारी डायरेक्टएक्सची साधनं गेमच्या फाइलीतच शिवून टाकलेली, आणि गेम चालायचा तो कर्नलच्याच अधिकाराने. जुन्या कॅसेटच्या यंत्रासारखंच, सगळं यंत्र एका गेमचं.

वेगासाठी हे छानच होतं, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागली. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटेल सोडून पॉवरपीसी जातीचा प्रोसेसर घेतला. सुरुवातीला गेमकारांना सरावासाठी चक्क अ‍ॅपलचे पॉवर मॅक जी५ दिले गेले, कारण त्या जातीचा प्रोसेसर त्यांच्यात होता. कन्सोलची सिस्टिम आता विंडोजच्या मूळ झाडापासून दूर गेलेली फांदी झाली. तिकडे फोनसाठी विंडोज सीईवर उभी असलेली तिसरीच फांदी वाढत होती. डेस्कटॉपच्या विंडोजमध्ये नेटवर्कचा एखादा दोष सापडला, तर तो प्रत्येक फांदीवर वेगळा शोधून वेगळा दुरुस्त करायचा. नवा ड्रायव्हर, नवी सुरक्षा, नवा ब्राउझर, सगळं काम तीनदा. एकीकरणाची खरी निकड इथून आली.

गाभा वेगळा काढायचा कसा

विंडोजचा आजचा कर्नल मुळात अनेक यंत्रांसाठीच घडवला होता. १९८८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधून मायक्रोसॉफ्टमध्ये आलेल्या डेव्ह कटलर यांनी विंडोज एनटीची रचना करताना हार्डवेअरशी थेट बोलणारा भाग एका पातळ थरात बंदिस्त केला. तो थर बदलला, की बाकीची सिस्टिम दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर नेता यायची. जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटी बाजारात आली तेव्हा ती इंटेलसोबत मिप्सच्या प्रोसेसरवरही चालत होती.

पण पुढच्या दशकभरात या स्वच्छ रचनेवर बरंच रान माजलं. वरचे थर खालच्या थरांवर अवलंबून असणं रास्तच आहे. झालं असं, की खालचे थरही वरच्यांना हाका मारू लागले. तळातल्या एखाद्या भागाला काही काम करायचं, तर त्याला खिडक्या रंगवणारा भाग लागायचा. अशा उलट्या हाका असतील तर डेस्कटॉप वगळून नुसता गाभा उचलता येत नाही. वीट काढायला जावं आणि सगळी भिंत सोबत यावी, तशातली गत.

मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी या हाका एकेक करून शोधल्या आणि सरळ केल्या. या कामाचं नाव होतं मिनविन. २००७ साली अभियंते एरिक ट्राउट यांनी इलिनॉय विद्यापीठातल्या व्याख्यानात त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. संपूर्ण विंडोज व्हिस्टा डिस्कवर सुमारे ४ जीबी जागा घ्यायची, तर हा सुटा काढलेला गाभा होता सुमारे २५ एमबीचा. पडद्यावर खिडक्या नव्हत्या, चित्रं नव्हती, पण एक छोटा वेब सर्व्हर त्यावर व्यवस्थित चालत होता. वापरकर्त्याला यातलं काहीच दिसणार नव्हतं, जाहिरातीत सांगण्यासारखंही काही नव्हतं. तरी पुढचं सगळं या मूक साफसफाईवर उभं राहिलं. २०१२ मध्ये विंडोज फोन ८ सीई सोडून एनटीच्या कर्नलवर आला, तो यामुळेच.

मेमरीची वाटणी आणि मधली भिंत

गाभा सुटला, तरी कन्सोलच्या शब्दाचा प्रश्न उरलाच. २०१३ पर्यंत लोकांना कन्सोलवर गेमसोबत चित्रपट, व्हिडिओ कॉल, अ‍ॅप्स असं सगळं हवं होतं. पूर्ण विंडोज आत आणली, तर ती गेमच्या १६.७ मिलिसेकंदांत हात घालणार. एक्सबॉक्स वनने काढलेला तोडगा फार देखणा आहे.

त्या कन्सोलमध्ये एएमडीचा ८ कोअरचा प्रोसेसर आणि ८ जीबी मेमरी होती. सर्वांत खाली हायपरव्हायझर बसवला. एका यंत्राची दोन आभासी यंत्रं करून त्यांच्यामध्ये भिंत घालणारा हा थर. डेटा सेंटरमध्ये एका सर्व्हरवर अनेक ग्राहकांची कामं वेगवेगळी ठेवायला हेच तंत्र वापरतात. एनटी घडवणारे कटलर तोवर सत्तरीला आले होते, आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं काम करून एक्सबॉक्सच्या गटात दाखल झाले होते. हा तळचा थर उभा करण्यात त्यांचा हात होता.

भिंतीच्या एका बाजूला मेनू, अ‍ॅप्स आणि नेटवर्क सांभाळणारी विंडोज, तिला ३ जीबी. दुसऱ्या बाजूला फक्त गेमसाठी सडसडीत सिस्टिम, तिला ५ जीबी. खेळता खेळता कंट्रोलरवरचं मधलं बटण दाबलं की मेनू येतो, तो पहिल्या बाजूचा. मागे थांबलेली शर्यत असते दुसऱ्या बाजूची. पडद्यावर दोन्ही एकत्र दिसतात, पण पहिली बाजू दुसरीची मेमरी ओरबाडू शकत नाही.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे गेमच्या बाजूची सिस्टिम प्रत्येक गेम स्वतःबरोबर घेऊन येतो. ज्या आवृत्तीवर तो घडवला आणि तपासला, तीच आवृत्ती. म्हणून २०१५ च्या त्या अपडेटमध्ये पहिल्या बाजूची विंडोज ८ ची घडण काढून विंडोज १० बसवली, तरी कालपर्यंत चालणारे गेम आजही तसेच चालले. दोन स्वभावांची यंत्रं एकाच डब्यात नांदवायची तर दोघांना एका साच्यात दाबून बसवायची गरज नसते, मधली भिंत नेमक्या जागी घालावी लागते.

एक चासी, अनेक बांधण्या

जुलै २०१४ मध्ये, मुख्याधिकारी होऊन जेमतेम सहा महिने झालेल्या सत्या नडेला यांनी जाहीर केलं, की तीन वेगवेगळ्या विंडोज एकत्र आणून सर्व आकारांच्या पडद्यांसाठी एकच ऑपरेटिंग सिस्टिम केली जाईल. या एका गाभ्याला नाव मिळालं वनकोअर. कर्नल, फाइल सिस्टिम, नेटवर्क, सुरक्षा आणि ड्रायव्हर लिहायची पद्धत सगळीकडे तीच, आणि त्यावर प्रत्येक यंत्राचा आपापला चेहरा. आपल्या एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत तयार चासी येते आणि तिच्यावर बस बांधली जाते. त्याच घडणीच्या चासीवर दुसरीकडे ट्रक बांधतात. इंजिन, गिअर, ब्रेक यांची दुरुस्ती एकदा शिकलेला मेकॅनिक दोन्हींवर काम करू शकतो, पण प्रवासी ट्रकमध्ये बसवावेत असं कुणी म्हणत नाही. वनकोअरची कल्पना नेमकी ही होती, आणि या पातळीवर ती यशस्वी झाली. डेस्कटॉप, एक्सबॉक्स आणि डोळ्यांवर चढवायचा होलोलेन्स, सगळे एका चासीवर आले. डेस्कटॉपसाठी शोधलेला सुरक्षेचा उपाय आता कन्सोलसाठी पुन्हा शोधावा लागत नव्हता.

मायक्रोसॉफ्ट इथे थांबली नाही. एकदा अ‍ॅप लिहा आणि विंडोज १० असलेल्या सगळ्या यंत्रांवर चालवा, असं सांगत तिने युनिव्हर्सल विंडोज प्लॅटफॉर्म, म्हणजे यूडब्ल्यूपी आणलं. दोन-तीन वर्षांत विंडोज १० शंभर कोटी उपकरणांवर नेण्याचं उद्दिष्टही जाहीर केलं. तो टप्पा गाठायला मार्च २०२० उजाडलं. विंडोजचे फोन तोवर बाजारातून गेले होते, आणि अ‍ॅप सगळीकडे चालवण्याचं मोठं आकर्षण त्यांच्याबरोबरच गेलं.

कन्सोलवर तर ‘सगळीकडे तेच’ हे अर्धंच खरं ठरलं. एक्सबॉक्स वनवर यूडब्ल्यूपी प्रोग्रॅम टाकला आणि तो ‘अ‍ॅप’ म्हणून नोंदवला, तर त्याला जास्तीत जास्त १ जीबी मेमरी आणि कोअरचा वाटून घेतलेला वेळ मिळे. तोच ‘गेम’ म्हणून नोंदवला तर ५ जीबी, चार कोअर पूर्ण स्वतःचे आणि आणखी दोन वाटणीत. सिस्टिम एक, प्रोग्रॅम एक, पण शिधा वेगळा. कन्सोलने दिलेला शब्द असा सहजी मोडता येत नव्हता.

कुलूप डेस्कटॉपवर आलं तेव्हा

डेस्कटॉपवर यूडब्ल्यूपीच्या साच्याला खरा विरोध झाला. एप्रिल २०१६ मध्ये क्वांटम ब्रेक हा गेम एक्सबॉक्स वन आणि विंडोज १० वर एकाच दिवशी आला. पीसीवर तो यूडब्ल्यूपी म्हणून फक्त विंडोज स्टोअरवर मिळत होता. पीसीवर खेळणाऱ्यांना ज्याची सवय होती, त्यातलं बरंच काही सुरुवातीला त्यात नव्हतं. चित्रांचा वेग पडद्याच्या वेगापासून मोकळा करता येईना, दोन ग्राफिक्स कार्डं जोडून चालवता येईनात, गेमच्या फायलींना हात लावून स्वतःचे बदल करता येईनात. त्याच्या महिनाभर आधी एपिक गेम्सचे टिम स्वीनी यांनी ‘गार्डियन’मध्ये लेख लिहून इशारा दिला होता, की या वाटेने पीसीवरचा खुला बाजार एका कंपनीच्या ताब्यात जाईल. क्वांटम ब्रेक सप्टेंबरमध्ये नेहमीच्या विंडोज प्रोग्रॅमच्या रूपात स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात आला.

त्या तक्रारींची मुळं कर्नलमध्ये नव्हती. पीसीवर कुठलाही प्रोग्रॅम कुणाच्याही दुकानातून, किंवा दुकानाशिवाय, टाकता येतो. कन्सोलवर कंपनीने सही केलेलाच प्रोग्रॅम चालतो. या कुलपामागे सरळ हिशेब आहे. कन्सोलच्या पेटीवर कंपनी कमवत नाही. २०२१ मध्ये एपिक विरुद्ध अ‍ॅपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्ष दिली, की एक्सबॉक्सचं हार्डवेअर कधीच नफ्यावर विकलेलं नाही. कमाई होते ती प्रत्येक गेमच्या विक्रीतल्या वाट्यातून, आणि हा वाटा सर्वसाधारणपणे ३० टक्के असतो. कुलूप काढलं तर वाटा गेला, आणि वाटा गेला तर स्वस्त पेटी गेली. पीसी बनवणारी कंपनी आपला नफा विक्रीच्या वेळीच घेते, म्हणून तिथे कुलपाची गरज भासत नाही. त्याच मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ पासून आपल्या स्टोअरमधल्या पीसी गेमचं कमिशन १२ टक्क्यांवर आणलं, कन्सोलचं मात्र आणलं नाही. एका गाभ्याचे दोन दर लागतात, ते यामुळे.

कंपनीने यातून धडा घेतला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. मे २०१९ मध्ये एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी जाहीर केलं, की विंडोजच्या स्टोअरवर नेहमीच्या पद्धतीने लिहिलेले गेमही घेतले जातील आणि कंपनीचे आणखी गेम स्टीमवर येतील. एक्सबॉक्स वननंतर आलेल्या एक्सबॉक्स सिरीजच्या पिढीत गेमकारांना मिळालेली साधनं पीसी आणि कन्सोल दोन्हींसाठी सामाईक आहेत, आणि पीसीवरचा गेम त्यामुळे कुठल्या पिंजऱ्यात कोंडला जात नाही.

आता वारा उलटा

यानंतर डेस्कटॉपच कन्सोलकडून शिकू लागला. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा पीसी आणला. त्यात विंडोज नाही, लिनक्सवर बांधलेली स्टीमओएस आहे. तरीही विंडोजसाठी लिहिलेले हजारो गेम त्यावर चालतात. ही किमया प्रोटॉनची. गेम विंडोजला म्हणून जी हाक मारतो, ती प्रोटॉन मध्येच झेलतो आणि लिनक्सला कळेल अशा हाकेत बदलतो. डायरेक्टएक्सची चित्रं काढायची विनंतीही अशीच व्हल्कन या खुल्या पद्धतीत बदलली जाते. पीसी आणि कन्सोल जोडायला कर्नल एकच असावा लागत नाही, हाकांची यादी दोन्हीकडे पाळली तरी पुरतं, हे व्हॉल्व्हने सिद्ध केलं. सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची सिस्टिमही २०१३ सालीच फ्रीबीएसडी या सर्व्हर आणि डेस्कटॉपवरच्या सिस्टिमपासून घडली होती. गाभा बाहेरून घेणं ही आता या धंद्याची रीतच झाली आहे.

मायक्रोसॉफ्टचं उत्तर ऑक्टोबर २०२५ मध्ये आलं. असूसबरोबर काढलेला आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय हा विंडोज ११ चा पूर्ण पीसी आहे, पण सुरू केल्यावर तो थेट एक्सबॉक्सचा पडदा दाखवतो. टास्कबार, वॉलपेपर आणि डेस्कटॉपचा इतर पसारा तो मेमरीत चढवतच नाही, आणि त्यातून २ जीबीपर्यंत मेमरी वाचते, असं कंपनी सांगते. डेस्कटॉप वगळून विंडोज सुरू करता येते, यामागे गाभा आणि चेहरा वेगळे करण्याची ती जुनी मेहनत आहे. हव्या त्या दुकानातून घेतलेला गेमही त्यावर चालतो. कन्सोलचा सुटसुटीतपणा आणि पीसीची मोकळीक एका यंत्रात येऊ शकतात, हे आता दोन कंपन्यांनी दोन वाटांनी दाखवलं आहे.

म्हणून यापुढे घरात खेळायचं यंत्र घेताना प्रोसेसर आणि मेमरी यांच्याइतकाच आणखी एक प्रश्न दुकानात विचारायला हवा: यावर काय चालवायचं हे कोण ठरवणार, मी की कंपनी? एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ रोजी नव्या खरेदीसाठी बंद झालं. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेता येतात, पण त्या कन्सोलवरून नवा डिजिटल गेम आता विकत घेता येत नाही, कारण त्यावर दुसरं दुकान नव्हतं. त्याच काळातल्या पीसीवर आजही हवं ते टाकता येतं. स्वस्त पेटी हवी की मोकळी पेटी हवी, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे, आणि दोन्ही बाजूंना रास्त कारणं आहेत. पण कुलूप तंत्रामुळे अपरिहार्य आहे असं कुणी सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवायचं आता कारण उरलेलं नाही. अभियंत्यांनी एकच गाभा दोन्ही यंत्रांत चालवून दाखवला आहे.